पोचा, पुट्टी आणि सीएसटी रोड

गाडीला पोचा आला की मुंबईकरांच्या दोन तऱ्हा दिसतात. एक, त्याच दिवशी वर्कशॉपला फोन लावणारे. दुसरे, ‘मुंबईत गाडी चालवायची म्हणजे हे होणारच’ म्हणत पुढची तीन वर्षं तोच पोचा मिरवणारे. पहिल्या तऱ्हेतल्या बहुतेकांनी गाडी नुकतीच घेतलेली असते. आणि दुसऱ्या तऱ्हेतले सगळे कधी ना कधी पहिल्या तऱ्हेतलेच होते!

माझी हॅचबॅक २०१८ची. स्वतःच्या पगारातून घेतलेली पहिली मोठी वस्तू, शेवटचा ईएमआय भरला तेव्हा ऑफिसात पेढे वाटले होते. सध्या तिच्या अंगावर तीन खुणा आहेत. मागच्या बंपरवर ओरखडे, मॉलच्या पार्किंगमध्ये कुणीतरी दिलेली भेट. छतावर वाटीएवढा खळगा, सोसायटीच्या माडाची कृपा. (नारळ आम्हाला मिळाला नाही, वॉचमनने नेला.) आणि तिसरी जखम जुलैमधली. रात्री गल्लीत रिव्हर्स घेणाऱ्या टेम्पोने मागचा डावा दरवाजा आत ढकलला, हातभर रेघ ओढली आणि पसार झाला. वॉचमन म्हणाला, “मॅडम, पांढरा टेम्पो होता.” मुंबईत पांढरा नसलेला टेम्पो दाखवा!

कंपनीच्या वर्कशॉपने तिन्हींचं मिळून एस्टिमेट दिलं, ३१ हजार ४०० रुपये. दरवाजा बदला, बंपर बदला, छत ठोकून रंगवा. नवरा म्हणाला, “सोड ना, गाडी चालतेय ना?” सासरे गुहागरचे. त्यांनी फोटो पाहून फोनच केला, “दरवाज्याचं तेवढं बघ गं. इकडच्या खाऱ्या हवेत पत्रा टिकत नाही.” गणपतीला गाडी तिकडे जाणारच होती. हातात तीन आठवडे होते, आणि ३१ हजार हे आमच्या डिसेंबरच्या ट्रिपचे पैसे होते. तेव्हा एका शनिवारी मी सरळ कुर्ल्याला गेले.

ट्राम नसलेला ट्रामचा रस्ता

बीकेसीत काम करणाऱ्या मंडळींना कुर्ला म्हणजे स्टेशन, शेअर रिक्षाची रांग आणि घामाघूम होऊन ऑफिस गाठणं एवढंच ठाऊक असतं. पण त्या काचेच्या इमारतींपासून रिक्षाने थोड्याच अंतरावर सीएसटी रोड आहे. कलिना आणि कुर्ल्याच्या मधला हा पट्टा म्हणजे मुंबईतल्या गाड्यांचं हॉस्पिटल, पॅथॉलॉजी लॅब आणि स्मशान, तिन्ही एकाच रस्त्यावर!

नव्या माणसाला वाटतं, हा रस्ता सीएसटी स्टेशनला जात असेल. अजिबात नाही. ते स्टेशन तर आता सीएसएमटी झालं, आणि या रस्त्याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. हा सीएसटी म्हणजे सेंट्रल साल्सेट ट्रामवे. १९२८मध्ये ट्रॉम्बेपासून अंधेरीपर्यंत एक छोटी रेल्वे सुरू झाली होती. सहा वर्षांत, १९३४मध्ये ती बंदही पडली. रूळ गेले, रस्ता राहिला आणि नाव राहिलं. सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोडवरून शंभरदा गेलेल्या किती जणांना हे माहीत असेल? मला तरी नव्हतं.

रस्त्यावर पाऊल टाकलं की आधी आवाज येतो. टण्ण, टण्ण, टक्, टण्ण. त्यामागून थिनरचा वास. दुकानांच्या दर्शनी भागात माळेसारखे टांगलेले साइड मिरर, एकावर एक रचलेले बंपर, भिंतीला टेकवलेले दरवाजे. लाल, चंदेरी, निळे, प्रत्येक दरवाजा कुठल्या ना कुठल्या मेलेल्या गाडीचा. मला एका पोऱ्याने लांबूनच विचारलं, “मॅडम, कौन सी गाडी? दरवाजा चाहिए?” गाडीचं नाव सांगायच्या आत त्याने माझ्याच रंगाचा दरवाजा दाखवला. क्षणभर मोह झाला. पण जुन्या बाजारात दरवाजा घेताना तो कुठून आला हा प्रश्न उरतोच, आणि बिल मागितलं की समोरचा हसतो. त्या भानगडीत न पडणं बरं.

कुर्ला आणि मोटारींचं नातं जुनं आहे. प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना इथलाच. म्हणजे मुंबईची काळी-पिवळी, ती प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याचीच लेक. कारखाना गेला, प्रीमियर रोड हे नाव तेवढं उरलं. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २००३च्या ऑक्टोबरमधली. टॅक्सीला वयाची मर्यादा २० वर्षं, त्यामुळे २०२३च्या ऑक्टोबरअखेर पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली.

मला ज्या गॅरेजचा पत्ता ऑफिसच्या ड्रायव्हरने दिला होता, तिथले डेंटर चाचा याच पद्मिन्या ठोकत लहानाचे मोठे झालेले. गॅरेज म्हणजे दहा बाय वीसचा गाळा, अर्धी गाडी आत आणि अर्धी फुटपाथवर. चाचांनी आधी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने माझ्याकडे बोट दाखवलं. मग ते माझ्याशी बोलू लागले, ते शेवटपर्यंत माझ्याशीच.

“बेटा, पहले ये देखो, रंग टूटा है क्या?”

पूर्ण तासाभराच्या गप्पांमध्ये याहून कामाचं वाक्य मला मिळालं नाही.

हात पाहतो ते डोळ्याला दिसत नाही

त्यामागचा फंडा साधा आहे. कारखान्यात गाडीचा सांगाडा रंगात बुडवून काढतात, विजेच्या मदतीने पहिला थर पत्र्याला चिकटवतात, मग प्रायमर, मग रंग, मग वरचा चकचकीत पारदर्शक कोट. हे सगळे थर मिळून जाडी किती? साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे जेमतेम दोन केसांएवढी. पण ते १४० अंशांच्या आसपास किंवा त्याहून जास्त तापमानाला भाजलेले असतात. सीट, वायरी, काचा, प्लॅस्टिक असं काहीही बसवण्याआधी. एकदा गाडी पूर्ण झाली की तेवढं तापवता येतच नाही. चांगल्या वर्कशॉपच्या पेंट बूथमध्येही साधारण ६० अंशांवरच वाळवतात. म्हणजे कारखान्याचा रंग गाडीला जन्मात एकदाच मिळतो. तो आहे तोवर जपायचा, आणि तो फुटलाय तिथे मात्र हयगय करायची नाही. रंग हा दागिना नाही, पत्र्याचा रेनकोट आहे.

चाचा छताकडे गेले. खिशातून फडकं काढलं, ते तळव्याखाली घेतलं आणि डोळे दुसरीकडे ठेवून खळग्यावरून हात फिरवला. फडक्यामुळे हात अडत नाही, उंच-सखल बरोबर कळतं म्हणे. मग दुकानातल्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब छतावर कसं वाकतं ते मला दाखवलं. खळगा होता त्याहून दुप्पट जागेत ती रेघ वाकडी होत होती. मला एवढे दिवस वाटीच दिसत होती, तिथे परात होती!

पण रंग शाबूत. मग रंगवायचं कशाला? छताचं आतलं अस्तर उतरवून, वाकड्या सळया आतून घालून पत्रा तसूतसूने वर ढकलायचा. रंगाला हातही लावायचा नाही. याला हल्ली पीडीआर म्हणतात, त्याचे स्पेशालिस्ट वेगळे. चाचांचा भाचा ते करतो. पोचा सौम्य आणि गोल असेल तर झकास निघतो. धारदार घडी पडली असेल, किंवा पोचा पत्र्याच्या अगदी कडेला असेल, तर नाही. भाव सांगितला २,५०० रुपये. वर्कशॉप याच छताला ठोकून रंगवायला निघालं होतं. म्हणजे धडधाकट रेनकोट फाडून नवा शिवायचा!

दरवाज्याचं मात्र वेगळं. तिथे रेघेच्या मधोमध राखाडी पत्रा दिसत होता आणि कडेला तांबूस झाक. जुलै ते ऑगस्ट, चार आठवड्यांत गंज सुरू. नखाने खरवडलं तर कडेचा रंग पोपड्यासारखा उठला. खाली पाणी शिरलं होतं. सासऱ्यांचं म्हणणं खरं होतं, आणि नवऱ्याचं ‘सोड ना’ तिथेच निकालात निघालं. त्याने ते मान्य केलं, हेही नोंदवून ठेवते.

दरवाजा बदलायची गरज आहे का? चाचांनी आतलं पॅड काढून बघितलं. मागून हात पोचतो. म्हणजे आतून लोखंडी ठोकळा (त्याला डॉली म्हणतात) धरायचा आणि बाहेरून हातोडी. वाटतं तसं धोपटायचं नसतं. पोच्याच्या कडेपासून सुरुवात, मध्य सगळ्यात शेवटी. हल्लीच्या गाड्यांचा बाहेरचा पत्रा पाऊण मिलिमीटरच्या आसपास. जास्त ठोकला की तो ताणला जातो, पसरतो आणि डब्याच्या झाकणासारखा टिक-टॅक करू लागतो. मग गॅसने ठिपक्याएवढी जागा तापवायची, ओल्या फडक्याने विझवायची, म्हणजे पत्रा आकसतो. जिथे मागून हात पोचत नाही तिथे बाहेरून वॉशर वेल्ड करून पत्रा खेचतात. काम पटकन होतं, पण वेल्डिंगने आतल्या बाजूचा रंग जळतो, आणि गंज मग आतून येतो. तुमच्या गाडीला कुणी वॉशर लावणार असेल तर एवढं विचारा, “आतून काय मारणार?” उत्तर नसेल तर गाडी घेऊन घरी या.

“पहले टॅक्सी सुबह आती थी, शाम को धंदे पे,” चाचा सांगत होते. पद्मिनीचा पत्रा जाड, मार खायचा. पुट्टी नावापुरती. आता काही गॅरेजवाले पत्रा अर्धवट काढतात आणि उरलेला खड्डा पुट्टीने बुजवतात. बाहेरून गुळगुळीत, आतून सिमेंट! अशी जाड पुट्टी वर्षा-दोन वर्षांत तडकते. ओळखायची युक्ती घरच्या फ्रिजवर असते. साधं लोहचुंबक रुमालात गुंडाळून रंगवलेल्या जागेवरून फिरवा. जिथे सुटून खाली येईल तिथे पुट्टीचा थर जाड आहे. (प्लॅस्टिकच्या बंपरवर हा प्रयोग करू नका, हसं होईल.)

२६ जुलै २००५चा विषय निघणं अटळ होतं. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदी या सगळ्या पट्ट्यात घुसली. गाळा बुडाला, हत्यारं वाहून गेली. पण पुढे कित्येक महिने मान वर करायला फुरसत नव्हती, असं चाचा म्हणाले. त्यांचा मुलगा मात्र या लाइनमध्ये नाही. तो मोबाइल रिपेअर करतो. “उसमें भी डेंट आता है,” हे सांगून चाचा स्वतःच हसले.

बेचनी है या चलानी है?

हा त्यांचा दुसरा प्रश्न. मी गडबडले, कारण हे आम्ही घरी ठरवलंच नव्हतं.

विकायच्या आधी गाडी चकाचक करून घ्यावी, असा आपला समज. पण जुन्या गाड्या घेणाऱ्या कंपन्यांची माणसं आता एक छोटंसं मीटर घेऊन येतात. ते पत्र्यावर टेकवलं की रंगाची जाडी आकड्यात दिसते. कारखान्याचा रंग दीडशेच्या आत, आणि पुन्हा रंगवलेलं पॅनेल कितीतरी जास्त दाखवतं. आकडा वाढला की त्यांच्या मनात पहिला प्रश्न, गाडी कुठे ठोकली होती? मग तुम्ही टेम्पोची कहाणी कितीही रंगवून सांगा. उघडा दिसणारा छोटा पोचा निदान खरं बोलतो. म्हणून गाडी दोन-चार महिन्यांत विकायची असेल तर रंग शाबूत असलेल्या पोच्यावर खर्च करण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. ठेवायची असेल तर गणित गंजाचं. आम्ही तिथेच गाळ्यासमोर उभं राहून ठरवलं, गाडी आणखी पाच वर्षं ठेवायची. ईएमआय संपलेली गाडी विकून नवा ईएमआय कोण घेतं!

आता इन्शुरन्स. मित्रमंडळी लगेच सांगतात, “क्लेम कर ना, पैसे कशाला भरतेस?” थांबा. पाच वर्षं क्लेम न केल्यामुळे माझा नो क्लेम बोनस ५० टक्क्यांवर आहे. तो ओन डॅमेज प्रीमियमवर मिळतो, थर्ड पार्टीवर नाही. एक क्लेम केला की तो शून्यावर. पुन्हा चढायचं तर २०, २५, ३५, ४५ आणि मग ५०, अशी वर्षावर्षाची शिडी. समजा बोनसआधीचा ओन डॅमेज प्रीमियम आठ हजार आहे. पहिल्या वर्षी ५० टक्के गेले, पुढे ३०, २५, १५, ५. बेरीज सव्वाशे टक्के, म्हणजे दहा हजारांच्या घरात. गाडीची किंमत दरवर्षी उतरते म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी. शिवाय माझ्यासारख्या १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममध्ये पहिले एक हजार आपले. साध्या पॉलिसीत रंगाच्या मटेरियलचे निम्मे आपले, बदललेल्या प्लॅस्टिकचे निम्मे आपले, आणि पाच ते दहा वर्षं वयाच्या गाडीला नवा दरवाजा बसवला तर पत्र्याचे ४० टक्के आपले. झिरो डेप किंवा बोनस प्रोटेक्टचं जादा कव्हर असेल तर हिशेब बदलतो, तेव्हा आपली पॉलिसी उघडून बघा. आणखी एक, हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. उद्या नवी गाडी घेतली तर तो बरोबर येतो. पाच-सात हजारांच्या कामासाठी तो उडवणं म्हणजे पन्नासची नोट मोडून चाळीस घेण्यासारखं.

चाचांच्या शेजारचा गाळा पेंटर मामांचा. मूळचे साताऱ्याकडचे, बोलायला सडेतोड. मी दरवाज्याच्या खांबावरचा स्टिकर दाखवला, ज्यावर कलर कोड असतो. मामा म्हणाले, “कोड नव्या गाडीचा हो ताई. तुमची सात वर्षं उन्हात उभी आहे.” कोडवरून मशिनने रंग बनतो, पण मग तुमच्या गाडीच्या उतरलेल्या रंगाशी जुळवायला त्यात थेंबाथेंबाने फेरफार करायचा. आधी पत्र्याच्या तुकड्यावर मारून बघायचा, तोही ट्यूबलाइटमध्ये नाही, उन्हात. माझा रंग मेटॅलिक चंदेरी, म्हणजे सगळ्यात नखरेल. समोरून जुळतो, कडेने बघितला की काळपट! म्हणून पेंटर शेजारच्या पॅनेलवर रंग हलका हलका विरवत नेतो, आणि वरचा पारदर्शक कोट दोन्हींवर मारतो. हे ऐकून पूर्ण गाडीच दुसऱ्या रंगाची करावी, असा विचार माझ्या मनात आला होता. पण आरसी बुकात रंगाचीही नोंद असते. बदलायचा तर आरटीओची पायरी चढा. नको रे बाबा.

“पण आत्ता रंग मारणार नाही,” मामा म्हणाले. मला वाटलं भाव वाढवताहेत. तसं नव्हतं. गाळ्याला बूथ नाही, बाहेर धो धो पाऊस, हवेत पाणी, कॉम्प्रेसरच्या नळीत पाणी. अशा हवेत मारलेला वरचा कोट दुधी पडतो, बारीक फोड येतात. बंद बूथ असलेल्या वर्कशॉपमध्ये पावसातही काम होतं, त्याचेच ते जास्त पैसे घेतात, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. त्यांचा सल्ला असा. आत्ता दरवाजा ठोकून घ्या, गंज मुळापासून घासून काढा आणि त्यावर इपॉक्सी प्रायमर मारा. साधा प्रायमर पाणी पितो, त्यावर गाडी पावसात फिरवायची नाही. इपॉक्सी पाणी आत जाऊ देत नाही. रंग ऑक्टोबरमध्ये, कडक ऊन पडल्यावर.

म्हणजे गणपतीला गुहागरला राखाडी ठिगळ लावलेला दरवाजा घेऊन जायचं! सासरच्या अंगणात, सगळ्या भावकीसमोर. नवरा पुन्हा म्हणाला, “वर्कशॉपलाच टाकू या का?” या वेळी ‘सोड ना’ म्हणणारी मी होते.

बंपरला आम्ही हात लावला नाही. प्लॅस्टिक गंजत नाही. आणि मॉलचं पार्किंग काही बदललेलं नाही, नव्या बंपरवर पुन्हा कुणीतरी सही करणारच. छताचं काम भाच्याने दीड तासात केलं. दरवाज्याला दोन दिवस लागले. रंगासकट ५,५०० ठरले, निम्मे आत्ता, निम्मे ऑक्टोबरात. पैसे घेताना मामांनी बजावलं, “रंग झाल्यावर महिनाभर पॉलिश-वॅक्स काही लावायचं नाही. त्याला श्वास घेऊ द्या.”

गुहागरला सासऱ्यांनी राखाडी दरवाज्यावर नखाने टकटक केलं, वाकून खालची कड बघितली आणि विचारलं, “इपॉक्सी का?” बोटीचं इंजिन दुरुस्त करण्यात अर्धं आयुष्य गेलेला माणूस. मी मान हलवली. ते आत चहा सांगायला गेले.